सोडून दिलेली गाडी

व्हर्नाकाकूला डेट्रॉइटच्या शेजारणींसाठी पेकानच्या, अक्रोडासारख्या दाण्याच्या, गोड वड्या न्यायच्या होत्या, म्हणून त्या दिवशी सकाळी मी आणि नूमाकाका त्या आणायला बाहेर पडलो. सुट्टीचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळच्या विमानाने दोघं परत जाणार होते. काकू सामान बांधत बसली होती आणि अधूनमधून नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणत होती, की या न्यू ऑर्लिन्समध्ये माणूस एका आठवड्यात शिजून निघतो, हाडं वेगळी करायची तेवढी बाकी राहतात.

काकाच्या अंगात पेलिकन छापलेला निळा शर्ट होता. असे शर्ट आमच्या गावात फक्त पाहुणे घालतात. आणि हा माणूस इथल्याच ट्रेमे वस्तीत जन्मलेला, माझ्या बाबांचा धाकटा भाऊ, एके काळी त्याच्या ट्रम्पेटवर अख्खी गल्ली उंबऱ्यावर येऊन उभी राहायची. आठवडाभर तो बोटीत बसला, घोडागाडीत बसला, चौकात परक्यांच्या गर्दीत उभा राहून दुसऱ्यांचं वाजवणं ऐकून आला. आमच्या रस्त्यावर मात्र एकदाही फिरकला नाही. मला त्याचा राग आला होता. बोस्टनचं शिक्षण संपवून मी परत आले, चर्चच्या तळघरात पोरांना वाजवायला शिकवू लागले, ते या गावाचं जे काही आहे ते गावातल्या पायांत जिवंत राहावं म्हणून. माझ्याच घरचा माणूस पाहुण्यासारखा फिरतो, हे मला सहन होत नव्हतं.

वड्या घेऊन निघालो. हवा ओल्या कापडासारखी अंगाला चिकटत होती. कुठल्याशा अंगणातून गोड ऑलिव्हच्या फुलांचा वास येत होता आणि त्याच्यामागून नदीच्या गाळाचा. काका चार पावलं टाकी आणि थांबे. मागे वळून पाही. पुन्हा चालू लागे. आधी मला वाटलं, गुडघा दुखतोय. मग एका बंद दुकानासमोर तो थांबला तो हललाच नाही.

"सेल," माझं नाव घेऊन तो हळूच म्हणाला, "तुला ऐकू येतंय का?"

मला काहीच ऐकू येत नव्हतं. एक बस गेली. कुणीतरी वरच्या मजल्यावर तळण तळत होतं.

"मी चालतो तेव्हाच येतो. थांबलो की थांबतो. तारा सैल केलेला ड्रम... आल्या दिवसापासून."

तारा सैल केलेला ड्रम म्हणजे काय, हे आमच्याकडे लहान मुलालाही कळतं. एरवी ड्रमच्या पोटाखाली ताणलेल्या तारांमुळे आवाज खणखणीत निघतो. मयताबरोबर चालताना त्या सैल करतात, मग तोच ड्रम खोल, गुदमरल्यासारखा बोलतो. माझे बाबा, आल्सीड, जन्मभर तोच वाजवत होते. अख्ख्या वस्तीला त्यांनी पोचवलं होतं.

त्यांना स्वतःला मात्र कुणी पोचवलं नाही. साथीच्या वर्षी गर्दीला बंदी होती. तोंडं बांधलेल्या चार माणसांनी त्यांना घराण्याच्या कबरीत ठेवलं आणि ते हात धुऊन निघून गेले. एकही ट्रम्पेट वाजला नाही. मी बोस्टनमध्ये अडकले होते, फोनच्या पडद्यावर ते पाहिलं, आणि पडदाही मध्येच गोठला. वस्तीतल्या म्हाताऱ्या बायका म्हणायच्या, बँडशिवाय नेलेल्या माणसाला आपला कोपरा सापडत नाही, तो चालतच राहतो.

काका एका घराच्या पायरीवर बसला. मी शेजारी बसले. बराच वेळ तो वड्यांच्या पिशवीची दोरी बोटाला गुंडाळत राहिला. मग त्याने सांगितलं की त्या वर्षी तो यायला निघाला होता. तिकीट होतं, बॅग होती, डेट्रॉइटच्या विमानतळावर पोचलाही होता. तिथे एक माणूस खोकला. काका उठला, आणि बॅग ओढत घरी परत गेला. व्हर्नाला सांगितलं, विमानं बंद आहेत.

"माझा भाऊ माझ्यासाठी थांबला असेल ग," तो म्हणाला. "त्याला कुणी सांगितलंच नसेल, नूमा येत नाही म्हणून."

मी त्याच पायरीवर म्हणाले, आज करू. विमान संध्याकाळी आहे. दुपारी बाबांना नेऊ, रीतसर, वाजवत, कोपऱ्यापर्यंत. तू ट्रम्पेट वाजव. तो म्हणाला, देहाशिवाय काय नेणार? मी म्हटलं, बाबांचा ड्रम आहे ना.

मोठा ढोल वाजवणाऱ्या प्लासिडकडे मी गेले तेव्हा तो दारात बसून कोळंबी सोलत होता. बाबांचा जुना जोडीदार. सगळं ऐकून तो एवढंच म्हणाला, की एवढी वर्षं कुणीतरी हे विचारेल म्हणून तो वाट पाहत होता, आणि नेमकं आजच त्याचे काळे बूट चांभाराकडे आहेत. ते असू दे, पण ड्रम न्यायला गाडी कुठली? गाडी एकच होती, काकाकाकूंनी सुट्टीपुरती भाड्याने घेतलेली. पांढरी. प्लासिड म्हणाला, आल्सीडला पांढरा रंग कधीच शोभला नाही, पण आता तो तक्रार करायच्या परिस्थितीत नाही.

काकूला विचारायचं काम माझ्याकडे आलं. ती डेट्रॉइटची. बाबांना तिने कधी पाहिलं नव्हतं, आणि ते एका अर्थी बरंच होतं. आमच्याकडे मयताची गाडी परक्याने चालवायची असते. ज्याने रडायचं त्याने त्या गाडीत बसायचं नाही. कोपरा येतो, बँड दोन रांगांत फुटतो, गाडी मधून निघून जाते. त्याला आम्ही सोडून देणं म्हणतो. मग ड्रमच्या तारा कसायच्या, नाचायचं, आणि जिवंतांच्या बाजूला परत फिरायचं. गाडीतला गेला, रस्त्यावरचे राहिले. वाटणी तिथे होते.

"म्हणजे मी आता मढ्याची गाडी चालवू?" काकू म्हणाली. "या गाडीत पिझ्झा खायला बंदी आहे, आणि तुम्ही मेलेला माणूस बसवताय." पण नवऱ्याचा चेहरा पाहिल्यावर तिने गाडीची किल्ली उचलली. विमान चुकलं तर ती एकटी जाईल, एवढंच तिने बजावलं.

ठरलं ते असं. कोपऱ्यावरून काकू गाडी घेऊन पुढे निघून जाईल, ड्रमसकट, थेट विमानतळाकडे. ड्रम काका डेट्रॉइटला नेणार होता. काका स्वतः मागून प्लासिडच्या ट्रकमधून जाईल. हे असं का, हे काकूला कुणी समजावलं नाही. आमच्यापैकी कुणाला त्याची गरजच वाटली नाही. ते आमच्यासाठी श्वास घेण्यासारखं होतं.

दुपार कलली तेव्हा आम्ही निघालो. बातमी फिरली होती, त्यामुळे माणसं जमली. बाबांचा ड्रम मी पुढच्या सीटवर ठेवला. दार लावलं तर गाडी टुंग-टुंग वाजू लागली, पट्टा लावा म्हणून. काकूने माझ्याकडे पाहिलं. ड्रम हलका होता, कडेवरच्या पोराएवढाही जड नव्हता. मी तो उचलला, आवाज थांबला. ठेवला, पुन्हा सुरू झाला. शेवटी काकूने हात लांब करून ड्रमभोवती पट्टा आवळला आणि पुटपुटली, "नीट बसा हो भाऊजी." कुणीतरी हसलं. मीही हसले.

माझ्या गळ्यातल्या ड्रमच्या तारा सैल करून मी ताल धरला. काकाने ट्रम्पेट ओठांना लावला. पहिला स्वर फाटला, दुसराही. मग जे आलं ते मी त्याच्याकडून कधीच ऐकलं नव्हतं. एखाद्याला दुरून नावाने हाक मारावी आणि तो वळून बघत नसावा, तसं. गाडी माणसाच्या चालीने पुढे सरकत होती. आम्ही मागे, एक पाऊल, थांबा, एक पाऊल, थांबा. बायका रडत होत्या. त्या वर्षी प्रत्येकीचं कुणी ना कुणी असंच मुकाट नेलं होतं.

हमरस्त्याच्या पुलाखाली शिरलो. तिथे ऊन संपतं आणि आवाज दुप्पट होतो, खांबांवर आपटून परत येतो. ओल्या सिमेंटचा, जुन्या धुराचा वास. मी वाजवत होते आणि खांबांकडून माझाच ठोका मागाहून येत होता. मग माझ्या लक्षात आलं की तो मागाहून येत नाहीये. तो माझ्या आधी येतोय. अगदी किंचित आधी, शिकवणाऱ्याने हात दाखवावा तसा. मी प्लासिडकडे पाहिलं. तो समोर गाडीकडे पाहत होता आणि त्याचे ओठ हलत होते.

पुलापलीकडे कोपरा. प्लासिडने हात वर केला. बँड दोन रांगांत फुटला. काका माझ्या समोरच्या रांगेत होता, ट्रम्पेट छातीशी धरून, शर्टावरचे पेलिकन घामाने काळे झालेले. गाडी आमच्यामधून निघाली. मी काचेतून आत पाहिलं. काकू समोर बघत गाडी चालवत होती, आणि मध्येच तिने उजवीकडे, ड्रमच्या सीटकडे, मान वळवून हं केलं. कुणी काही विचारल्यावर आपण करतो तसं.

गाडी पुढे गेली. काका म्हणाला, "जा दादा." फार हळू म्हणाला.

मी तारा कसल्या आणि पहिली थाप मारली, तशी सगळी गल्ली फुटली. छत्र्या उघडल्या, रुमाल उडाले. मी त्या दुपारी जितकी आनंदात होते तितकी त्यापूर्वी नव्हते, पुढेही झाले नाही. मला वाटलं, हेच. याच्यासाठीच आपण परत आलो. काका नाचत होता. आठवडाभर जो माणूस मागे वळून बघत होता, तो डोकं मागे टाकून हसत होता. माझ्या कानाशी ओरडला, "थांबला ग. नाही येत ऐकू!" मला मिठी मारून तो रडला.

पुढच्या चौकात दिवा लाल होता. पांढरी गाडी तिथे उभी होती. काकूने खिडकीतून हात बाहेर काढला, मनगटावरच्या घड्याळावर बोट मारलं आणि हॉर्न दाबून धरला. आयुष्यभराची सवय असेल. बायकोचा हॉर्न ऐकला की पळायचं. काकाने ट्रम्पेट काखेत मारला, माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं, आणि एखाद्या शाळकरी मुलासारखा पळत जाऊन मागचं दार उघडून गाडीत बसला. दिवा हिरवा झाला. मी हात हलवला. मी हात हलवला, हे मला आजही आठवतं.

मोठा ढोल थांबला.

मी वळून पाहिलं. प्लासिडचा हात हवेत तसाच होता. हळूहळू एकेक वाद्य गळून पडलं. सगळ्यांनी ते पाहिलं होतं, आणि कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं. गाडी पांढरी होती, भाड्याची होती, आठवडाभर काकाकाकू तिच्यातून गाव बघत फिरले होते. पण आम्ही तिला सोडून दिलं होतं.

"बसला?" प्लासिडने विचारलं.

"बसला," मी म्हटलं.

त्याने टोपी काढली.

संध्याकाळी काकूचा फोन आला. वेळेवर पोचलो, गाडी परत दिली, काळजी नको. नूमा जरा गप्प आहे. ट्रम्पेट गाडीतच विसरला, मागे गेला नाही आणायला. ड्रम मात्र मांडीवर घेऊन बसलाय, सामानात द्यायला तयार नाही. मी म्हटलं, त्याच्याकडे दे. फोन हातातून हातात गेल्याची खुडखुड झाली. मग श्वास. मी काका म्हणून हाक मारली. कशावर तरी बोटांनी हलकेच धरलेला ताल ऐकू आला... आणि फोन बंद झाला.

पुढच्या आठवड्यात त्याच कोपऱ्यावर बर्फाचा गोळा विकणाऱ्या ऑक्टाव्हियाबाईंनी मला अडवलं. म्हणाल्या, तुझा काका अजून गेला नाही वाटतं, सुट्टी वाढवली का? रोज दुपारी दिसतो.

मी दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. लख्ख ऊन होतं. माणसं घामाने निथळत होती. काका फुटपाथच्या कडेला उभा होता, पेलिकनचा शर्ट, हात रिकामे. शर्ट कोरडा, नुकता इस्त्री केलेला. तो रस्त्याकडे बघत होता. मी जवळ जाऊन त्याचा हात धरला. हात गार असता तर बरं झालं असतं. तो नेहमीसारखा होता, ऊबदार, तळव्यावर घट्टे असलेला.

"व्हर्ना गाडी वळवून आणतेय," तो म्हणाला. "तू कशाला उन्हात थांबलीस?"

मी त्याचा हात आणखी घट्ट धरला.

"उशीर झाला का ग? विमान..."

"नाही काका," मी म्हटलं. "वेळ आहे अजून."

तो समाधानाने हसला. एक बस आमच्याजवळून गेली, तिचा गरम वारा अंगावर आला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा माझी मूठ आवळलेली होती आणि तिच्यात काही नव्हतं.

त्यानंतर मी बहुतेक दुपारी जाते. तो तेच विचारतो. मी तेच सांगते.

आणि रविवारी डेट्रॉइटहून फोन येतो. काकू सुखात आहे. नूमा पार बदललाय म्हणते. कधी गॅस पेटवला नाही तो माणूस दर सोमवारी लाल घेवडा शिजवतो, अगदी तुमच्याकडच्यासारखा. रागावत नाही. रात्री तिच्या पायांना तेल लावून देतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, आता कुठे नवरा मिळाला, असं म्हणून ती हसते. मग फोन त्याच्याकडे जातो. आवाज काकाचाच असतो. तो मला विचारतो, डावं मनगट अजून आखडतं का? काठी बोटांनी धरू नकोस, तळहातात झोपू दे तिला. काकाने जन्मात कधी ड्रमची काठी हातात धरली नव्हती.

मी त्याला काही विचारत नाही. मनगट सैल ठेवते म्हणून सांगते. जेवलीस का, म्हणतो. जेवले, म्हणते. पडदा गोठला होता तेव्हा जे बोलणं राहिलं होतं, ते असं थोडं थोडं चाललंय. फोन ठेवला की मला कोपऱ्यावरचा कोरडा शर्ट दिसतो, आणि मी ठरवते, पुढच्या रविवारी काकूला सगळं सांगायचं. पुढचा रविवार येतो.

प्लासिड म्हणाला, पुन्हा वाजवू. नीट करू या वेळी. त्याला आण, ड्रम आण, गाडी आण. त्याचे बूट आता तयार आहेत. मी म्हटलं, बघते.

गेल्या रविवारी काकूच म्हणाली, वसंतात सुट्टीला येतोय. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, नूमा सगळ्याला तयार आहे, फक्त एक अट आहे त्याची. या वेळी बँड नको. मग तिने आवाज खाली आणला. तो स्वयंपाकघरातच बसला असावा.

"आणि सेल... काल मला म्हणाला, गाडी त्या कोपऱ्यावरून नेऊ नकोस. मी विचारलं का, तर म्हणे, तिथे माझा धाकटा भाऊ उभा आहे." मग तिने विचारलं, "नूमाला धाकटा भाऊ होता का ग? माझ्याजवळ कधी बोलला नाही."

तिच्यामागून टेबलावर बोटांचा ताल ऐकू येत होता. संथ, खोल, एक ठोका, थांबा, एक ठोका.

"माहीत नाही, काकू," मी म्हटलं.

आणि पलीकडे बोटं थांबली.